अर्धा तास

सोहारच्या बंदरामागे, फलजच्या खोलीत
चार पलंग, एक खिडकी, तिला लावलेला पुठ्ठा.
रात्रपाळी सुटली की मी बूट दाराबाहेर काढतो
आणि फोनवर भरती-ओहोटी दुरुस्त करतो.
कुणी पगार देत नाही त्याचा.
आम्ही सातजण आहोत. होतो.
कुणी दोह्यात, कुणी शारजात, एक जुबैलला,
आणि आमचं वेळापत्रक हर्णैच्या होड्यांवर
मराठीत उघडतं, फुकट.

मार्चमधल्या एका पहाटे मी भारताच्या साडेपाचांतून
ओमानचे चार वजा केले
आणि झोपेत एक उरला.
बदल तसाच चढवला, कुणाला न विचारता.
विचारायची पद्धतच नव्हती तेव्हा.
आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी
आठ होड्या वाळूवर बसल्या,
बर्फ वितळेपर्यंत.
हरेश्वर चोगल्यांनी फोटो पाठवला.
खाली काही लिहिलं नाही.

मग मृणाल काणेकरने नियम केला:
आधी नोंद, मग बदल, मग दोघांची संमती,
आणि वर चोवीस तास थांबायचं.
ती शारजाच्या इस्पितळात औषधं देते.
"गोळी हातावर ठेवण्याआधी आम्ही दोघी नाव वाचतो," म्हणाली,
"रोज. पेशंट ओळखीचा असला तरी."

अन्वर परकारने 'उधान'चं 'उधाण' केलं होतं.
एक अक्षर.
एकोणीस दिवस ते दुसऱ्या सहीची वाट बघत बसलं.
"ही काय मामलेदार कचेरी आहे?
दिवसभर कफीलच्या दारात कागद घेऊन उभा असतो मी.
ही एकच जागा होती
जिथे मला कुणाची परवानगी लागत नव्हती."

दोघंही खरं बोलत होते, हीच अडचण.

मतं मागवली तेव्हा मी गप्प राहिलो.
पाळीवर होतो, असं सांगितलं. खोटं नव्हतं ते.
सहा नंबरच्या पंपापाशी माझं लाल कुलूप लटकत होतं,
त्यावर माझा फोटो,
माझ्याच किल्लीने निघणारं.
परवान्यावर तीन सह्या लागतात तिथे,
आणि मी एकदाही कुरकुरलेलो नाही,
कारण आत माणूस असतो.
मग खोलीवर आल्यावर
चौकोनात खूण करताना माझा हात का आखडतो?

अन्वर गेला. भांडून नाही.
ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळी प्रत उचलून
त्याने वेगळं बिऱ्हाड मांडलं.
तिथे नियम नाही. 'उधाण' बरोबर आहे.
त्या मार्चच्या बदलापुढे माझं नाव
आता दोन्हीकडे आहे,
प्रतीबरोबर तेही गेलं.
मृणाल ते उच्चारत नाही. अन्वरही नाही.

एकाच समुद्राची दोन वेळापत्रकं झाली.
चोगल्यांना विचारलं, कुठलं बघता?
"दोन्ही," म्हणाले, "आणि मग खडक.
कुठवर ओला हाय तो."

आज पहाटे नवी नोंद उघडली:
दाभोळच्या आकड्यात सहा मिनिटांचा फरक.
काय बदललं, ते लिहिलं.
कसं तपासलं, ते लिहिलं.
का, या रकान्यापाशी बराच वेळ बसून राहिलो.
मृणालची संमती चार मिनिटांत आली,
म्हणजे तीही जागी होती.
दुसरा चौकोन रिकामा आहे.
तो बहुतेक वेळा अन्वर भरायचा,
शिव्या घालत.

तीच सहा मिनिटं मी त्यालाही पाठवली.
त्याने लगेच चढवली,
इतकी लगेच, की वाचली नसणार.
शेजारच्या पलंगावर बशीरने कूस बदलली,
पुठ्ठ्याच्या फटीतून उजेडाची रेघ त्याच्या पायावर आली.
"वाच रे आधी, गाढवा," मी अन्वरला लिहिलं,
आणि पाठवण्याआधी
स्वतःच एकदा वाचून पाहिलं.